मान्यता नाही, तर सल्लाही नाही

१९७३ साली आक्झो या डच-जर्मन कंपनीला सुमारे पाच हजार माणसं कमी करायची होती. कारखाने अनेक देशांत पसरलेले. कंपनीने त्या त्या देशाचे कायदे ताडून पाहिले आणि जिथे माणूस काढणं सर्वांत स्वस्त, तिथे कपात केली. युरोपात गहजब झाला. फेब्रुवारी १९७५मध्ये युरोपीय समुदायाने सदस्य देशांना बजावलं, की मोठ्या नोकरकपातीआधी मालकाने कामगारांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत केलीच पाहिजे.

ब्रिटनने त्याच वर्षी कायदा केला. विल्सन यांचं मजूर पक्षाचं सरकार, युनियनांचा दरारा. त्यामुळे प्रतिनिधी म्हणजे मालकाने मान्यता दिलेली युनियन, हे जणू गृहीतच होतं. अशी युनियन असेल तर एका माणसाला कमी करतानाही तिला विचारावं लागे. नसेल तर शंभर जणांना काढतानाही या कायद्याने कुणाला विचारायचं कारण नव्हतं.

आणि मान्यता द्यायची की नाही, हे मालकच ठरवणार!

१९७९मध्ये ब्रिटिश युनियनांचे सभासद सुमारे एक कोटी तीस लाख होते. पंतप्रधान थॅचर यांच्या काळात हा आकडा घसरत गेला, तशी ही पळवाट रुंदावत गेली. शेवटी युरोपीय आयोगाने ब्रिटनला लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात खेचलं. मान्यता ऐच्छिक असणं ही आमची परंपरा, असा ब्रिटनचा बचाव होता. ८ जून १९९४ला न्यायालयाने तो फेटाळला. मालकाच्या नकारामुळे कामगाराचं संरक्षणच नाहीसं व्हावं, हे न्यायाधीशांना पटलं नाही.

१९९५मध्ये पंतप्रधान मेजर यांच्या सरकारने नियम बदलले. युनियन नसलेल्या ठिकाणी कामगारांना आपले प्रतिनिधी निवडता येऊ लागले. पण एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढूनही घेतलं. आता एका आस्थापनेत नव्वद दिवसांत किमान वीस जणांची कपात होणार असेल, तरच सामूहिक सल्लामसलत बंधनकारक झाली. निवडणूक कशी घ्यायची, याचे नीट नियम यायला १९९९ उजाडलं. तरीही ऐन संकटात निवडून आलेला हा प्रतिनिधी एकांडाच. भरपगारी वेळ आणि बडतर्फीपासून संरक्षण कायद्याने दिलं, पण युनियनचा वकील आणि वर्षानुवर्षांचा अनुभव कुठून आणणार?

‘एका आस्थापनेत’ हे शब्द किती महाग पडतात, ते वूलवर्थ्स ही ब्रिटिश दुकानसाखळी बुडाल्यावर कळलं. डिसेंबर २००८ ते जानेवारी २००९ या काळात तिची आठशेंवर दुकानं बंद झाली. तिथे युनियनला मान्यता होती, सल्लामसलत मात्र धड झाली नाही. मोठ्या दुकानांतल्या लोकांना साठ दिवसांच्या पगाराइतकी भरपाई मिळाली. वीसपेक्षा कमी माणसांच्या दुकानांतले सुमारे ३२०० जण कोरडे राहिले, कारण प्रत्येक दुकान वेगळी आस्थापना ठरलं. २०१३मध्ये ब्रिटनच्या अपील न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने कौल दिला, पण एप्रिल २०१५मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयाने दुकानागणिक मोजणी वैध ठरवली आणि त्यांना काहीच मिळालं नाही.