तळ्यावरचा धूर

आमच्या शेजारच्या पोराने नवी गिटार आणली, तेव्हा महिनाभर तो एकच सुरावट घासत होता. दिवसातून वीस वेळा, आणि बहुधा बेसूर. गाणे डीप पर्पलचे, ‘स्मोक ऑन द वॉटर’. नावातच धूर, म्हणजे नशापाण्याचे गाणे असणार, असा माझा कित्येक वर्षे समज. गंमत अशी की हे नाव सुचले तेव्हा खुद्द बँडवाल्यांनाही लोक असेच समजतील ही धास्ती वाटली होती.

धूर खरा होता. डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या मॉन्त्रो गावी ही इंग्रज मंडळी ‘मशीन हेड’ हा आल्बम करायला गेली होती. तिथला कॅसिनो हिवाळ्यात बंद होणार, मग त्या रिकाम्या जागेत ध्वनिमुद्रण करायचे असा बेत. रोलिंग स्टोन्सची ध्वनिमुद्रणाची गाडी भाड्याने आणलेली. त्याआधी शेवटचा कार्यक्रम ४ डिसेंबरला, फ्रँक झाप्पाचा. तो रंगात आला असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी इशाऱ्याचे बाण सोडायची बंदूक छताकडे उडवली. छत पेटले आणि अख्खा कॅसिनो गेला. माणूस मात्र एकही दगावला नाही. मॉन्त्रो जाझ महोत्सवाचा प्रवर्तक क्लोद नॉब्स आत धावत जाऊन पोरांना बाहेर काढत होता. पाण्यावर पसरलेला धूर पर्पलवाले लांबून बघत राहिले. काही दिवसांनी बास वाजवणारा रॉजर ग्लोव्हर झोपेतून जागा झाला तो हे शब्द तोंडात घेऊनच.

सुरावट आधीच तयार होती. दुसऱ्या एका नाट्यगृहात तिचे मुद्रण चालू असताना आवाजाने हैराण झालेल्या शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. वाद्ये पुरी होईपर्यंत बँडच्या माणसांनी दारे आतून दाबून धरली म्हणतात! तिथून उचलबांगडी झाल्यावर बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या थंडगार बोळात, गाद्या लावून, उरलेला आल्बम झाला. इयन गिलनने गायलेल्या शब्दांत हे सगळे क्रमाने येते. झाप्पा आहे, नॉब्स आहे, गाडी आहे, हॉटेलही आहे. आपल्या शाहिराने लढाईतली नावे घ्यावीत तसे. अलंकार जवळजवळ नाहीतच, आणि मला वाटते त्यामुळेच ते टिकले.

आता ती सुरावट. रिची ब्लॅकमोर ती नखीने नव्हे, बोटांनी दोन तारा एकदम खेचून वाजवतो. पहिली जोडी बघा: खाली पंचम, वर षड्ज. तंबोऱ्याची पहिली तार आणि मागोमाग येणारी जोडी एकत्र छेडली तर हेच अंतर मिळते. पुढे जॉन लॉर्डचा ऑर्गन तिला येऊन मिळतो. त्या पोराला हे तंबोऱ्यावर दाखवले, तर त्याने आधी गिटार सुरात लावून घेतली.

बँडला स्वतःला या गाण्याकडून फारशी आशा नव्हती. १९७२ साली आल्बम आला तेव्हा त्यांनी ‘नेव्हर बिफोर’ पुढे केले. ते आज किती जणांना आठवते? ‘स्मोक’ची वेगळी तबकडी १९७३ मध्ये निघाली आणि अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढली.