देशी वनस्पती संरक्षण धोरण, न्यू साउथ वेल्स

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात ग्रामीण जमिनीवरील मूळची झाडे, झुडपे व गवत आणि त्यांवर अवलंबून असलेले जीव टिकवण्यासाठीची शासकीय नियमव्यवस्था. जमीन व वनस्पती हा तेथे प्रामुख्याने राज्यांचा विषय आहे. संकटग्रस्त प्रजातींसारख्या काही बाबींत १९९९चा केंद्रीय पर्यावरण कायदाही लागू होतो.

वसाहतकाळापासून रान तोडून गहू पेरणे, मेंढ्या चारणे हीच प्रगती मानली गेली आणि शासनानेही तिला उत्तेजन दिले. जमिनीची धूप, खारवटपणा व कोआलासारख्या प्राण्यांची घट दिसू लागल्यावर १९९५पासून तोडीवर निर्बंध आले. २००३च्या कायद्याने पर्यावरणाची स्थिती कायम राहील वा सुधारेल, अशीच मोठी तोड मान्य केली. मात्र १९९०नंतर पुन्हा उगवलेल्या रानाला बहुतांश भागात सूट होती. भार आपल्यावर आणि लाभ सर्वांना, ही शेतकऱ्यांची तक्रार निराधार नव्हती. संघर्ष इतका चिघळला, की २०१४मध्ये मोरी परिसरात पाहणीसाठी गेलेल्या शासकीय अधिकाऱ्याची एका शेतकऱ्याने गोळ्या झाडून हत्या केली.

ऑगस्ट २०१७मध्ये २००३चा कायदा रद्द होऊन सैल व्यवस्था आली : ठरावीक संहितेनुसार तोड करायची आणि काही प्रकारांत त्या बदल्यात दुसरे क्षेत्र राखून ठेवायचे. पर्यावरणमंत्र्यांची पूर्वसंमती नसल्याने मार्च २०१८मध्ये न्यायालयात ही संहिता अवैध ठरली. शासनाने ती लगेच पुन्हा जारी केली. जोडीला, खाजगी जमीन कायमची राखणाऱ्या मालकांशी जैवविविधता संवर्धन न्यास मोबदल्याचे करार करतो.