गंध कोणाला शोभतो?

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीचे लग्न ठरले आणि खरेदीच्या यादीत तिने अगदी शेवटी एक ओळ लिहिली : 'मला शोभेल असं अत्तर.' आम्ही गारखेड्यात राहतो. इथल्या नव्या दुकानांतून काचेच्या कपाटात विलायती बाटल्या भरपूर मिळतात, पण तिला अत्तरच हवे होते. म्हणून सूतगिरणी चौकातून रिक्षा केली आणि आम्ही तिघी जुन्या शहरात गेलो. मी, भाची आणि तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण.

अत्तरवाल्याने लगेच बाटली उघडली नाही. आधी त्याने तीन गोष्टी विचारल्या. केव्हा लावायचे? दिवसा की रात्री? मंडपात की घरात? भाचीला गंमत वाटली. 'काका, मला काय आवडतं ते नाही विचारलंत?' तो म्हणाला, 'ते शेवटी, बेटा. आधी हे कळू दे.' मग त्याने काचेच्या काडीने तिच्या मनगटावर एक रेघ ओढली आणि सांगितले, 'आता बाजारात चक्कर मारून या. अर्ध्या तासाने जे उरेल ते तुमचं.'

जुन्या ग्रंथांतल्या गंधशास्त्राची टिपणे मी काही वर्षे काढत आले आहे. त्या अर्ध्या तासात माझ्या लक्षात आले, की या माणसाने विचारलेले प्रश्न फार जुने आहेत आणि त्यांचा क्रमही जुनाच आहे. आपल्याकडे 'गंध शोभतो का' याचे उत्तर आवडीवरून ठरत नसे, ते काळ-वेळ पाहून ठरे. आणि त्याच्याही आधी एक प्रश्न असे, जो या भल्या माणसाने विचारला नाही : गंध लावण्याचा तुम्हाला अधिकार आहे का?

काळ-वेळेकडे वळण्यापूर्वी द्रव्ये पाहू. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात त्याने सोळा द्रव्यांचा एक कोठा मांडला आहे. नागरमोथा, वाळा, दगडफूल, नागकेशर, अगरू, दवणा, तगर, चंदन ही त्यातली काही. सोळांपैकी कोणतीही चार निवडायची, तर १८२० चौकड्या होतात, असे तो सांगतो. प्रत्येक चौकडीतल्या द्रव्यांचे एक, दोन, तीन, चार असे भाग धरून अदलाबदल केली, की एकेकीचे चोवीस प्रकार पडतात. म्हणजे एकूण ४३,६८० सुगंध. गणिताच्या इतिहासात हा अध्याय निवडीच्या हिशेबासाठी वाखाणला जातो. मला मात्र ती यादी वाचताना आमच्या स्वयंपाकघराची आठवण होते. दगडफूल आणि नागकेशर आज आपल्या मसाल्याच्या डब्यात आहेत. नागरमोथा, वाळा आणि चंदन नरक चतुर्दशीच्या उटण्यात आहेत. दवणा चैत्रात जोतिबाला वाहिला जातो. राजाच्या अंगाला लागणारी द्रव्ये मसाल्यात, न्हाणीघरात आणि देवळात पांगली. ती नाहीशी झाली नाहीत.

आता काळ-वेळ. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर 'मानसोल्लास' हा ग्रंथ आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या सीमेपलीकडचे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या या ग्रंथाला 'अभिलषितार्थचिंतामणी' असेही म्हणतात. शंभर अध्याय, वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती. त्यांतली तिसरी उपभोगांची. घर, स्नान, तांबूल, वस्त्र, भोजन, शय्या या उपभोगांच्या रांगेत विलेपन वेगळे, माल्य वेगळे आणि धूप वेगळा. अंगाला लावायचा, गळ्यात घालायचा आणि हवेत सोडायचा गंध एकच समजला जात नव्हता.

कोणत्या ऋतूत काय लावावे, हे वैद्यकानेही सांगून ठेवले आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तल्या ऋतुचर्येत हेमंतासाठी केशर, कस्तुरी आणि अगरूचा धूप आहे, ग्रीष्मासाठी चंदन आहे, आणि पावसाळ्यात वस्त्रांना धूप द्यायला सांगितले आहे. दमट हवेत कपडे लवकर सुकत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो, हे ज्याच्या घरात दोरीवर कपडे वाळत घातले जातात त्याला सांगावे लागत नाही. अत्तरवाला उन्हाळ्यात वाळा आणि थंडीत हीना पुढे करतो, तेव्हा तो याच परंपरेतले बोलत असतो. तिचे नाव त्याला ठाऊक असो वा नसो.

या शास्त्राचा मराठीशी जो थेट संबंध आहे, तो उजेडात आणला परशुराम कृष्ण गोडे यांनी. देवरुखचे गोडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सुमारे चार दशके अभिरक्षक होते. घोंगडी, पानसुपारी, सुगंध अशा घरगुती वस्तूंचा इतिहास पोथ्यांतून काढण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या हाती एक दुर्मीळ पोथी आली. तिच्यात गंगाधराचा 'गंधसार' हा संस्कृत ग्रंथ होता आणि कर्त्याचे नाव नसलेला 'गंधवाद' होता. गंधवादावर मराठी टीका होती. १९४५च्या सुमारास गोड्यांनी या दोन्ही ग्रंथांवर लेख लिहिले आणि ती मराठी टीका इ. स. १३५० ते १५५० या दरम्यानची असावी, असा अंदाज मांडला. पुढे १९८९मध्ये रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी संपादित केलेले हे दोन्ही ग्रंथ बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने छापले.

गंधसारात सुगंध घडवण्याच्या सहा क्रिया आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. चूर्णाला रसाची भावना द्यायची, ते शिजवायचे, त्यातला गंध जागा करायचा, तीव्र द्रव्याने त्याचा वेध घ्यायचा, धूप द्यायचा आणि शेवटी फुलांच्या सान्निध्यात ठेवून वासित करायचे. 'भावना देणे' हा शब्दप्रयोग आपले वैद्य आजही करतात. ग्रंथाच्या सुरुवातीला या विद्येचे लाभ सांगितले आहेत. तिने देवपूजा साधते, राजे संतुष्ट होतात, चतुर स्त्रियांचे मन रमते. आणि या लाभांतच आणखी एक आहे : स्वतःचे दारिद्र्य दूर होते.

या शेवटच्या लाभापाशी मी नेहमी थांबते. राजासाठी लिहिलेल्या ग्रंथात दारिद्र्याचे काय काम? हे वाक्य लावणाऱ्याचे नाही, बनवणाऱ्याचे आहे. आणि मराठी टीकेचे कारणही मला तिथेच दिसते. ज्याला संस्कृत सहज येते त्याला टीका मराठीत नको असते. ती हवी असते खलबत्ता आणि चूल ज्याच्या ताब्यात आहे त्याला. हा माझा तर्क आहे, पण तो खरा असेल तर पाच-सहाशे वर्षांपूर्वी मराठीतून सुगंध शिकवला जात होता.

याच काळात दख्खनमध्ये दुसरा प्रवाह आला. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत (१५८०-१६२७) निजामुद्दीन महमूद याने 'इत्र-ए-नौरसशाही' हा फारसी ग्रंथ लिहिला. 'नौरस' हा या सुलतानाचा लाडका शब्द, त्याच्या गीतांच्या पुस्तकाचे नावही तेच. उत्तरेत अकबराच्या दरबारी सुगंधांसाठी स्वतंत्र खातेच होते. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने त्याची कृती-प्रमाणे दिली आहेत, त्यात आपल्या जुन्या मराठीतला अरगजाही सापडतो. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो, की नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी करत असताना गरम पाण्यावर साय धरली, ती तिने थोडी थोडी गोळा केली आणि तिचा एक थेंब तळहातावर चोळला, तर सगळी बैठक दरवळून गेली. सलीमा सुलतान बेगमने त्याला 'इत्र-ए-जहांगिरी' असे नाव दिले. आमचे शहर त्याच काळातले. मलिक अंबरने १६१०मध्ये खडकी वसवली, औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत तिचे औरंगाबाद झाले. इथल्या बाजारात मोगरा आणि मजमुआ, वाळा आणि खस शेजारी शेजारी विकले जातात ते उगीच नव्हे.

या दरबारांतून एक रिवाज मराठ्यांकडेही रुजला. भेट संपली की यजमानाने अत्तर-गुलाब आणि विडा द्यायचा, म्हणजे निरोप झाला. पाहुण्याला काय शोभते हे पाहुणा ठरवत नसे, घरचा माणूस ठरवी, आणि बैठकीतल्या सगळ्यांच्या हाताला एकच वास असे. हळदीकुंकवात आपण अजून हेच करतो. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर अत्तर लावतो, गुलाबदाणीने पाणी शिंपडतो. सुगंध हा तिथे व्यक्तीचा नसतो, जमलेल्या सगळ्यांचा असतो. 'माझा खास सुगंध' ही कल्पना या रिवाजाच्या मानाने अगदी तरुण आहे.

पण 'प्रत्येकीच्या' हा शब्द मी आत्ताच लिहिला आणि तो खोटा आहे. इथे तो पहिला प्रश्न येतो.

मनुस्मृतीने ब्रह्मचाऱ्याला गंध आणि माळा वर्ज्य सांगितल्या आहेत. त्याचे व्रत ठरावीक वर्षांनी संपे. विधवेचे संपत नसे. माझी आजी सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली. आमच्या घरी दिवाळीचे उटणे तीच करी. नागरमोथा उन्हात किती वाळला, कचोरा जुना तर नाही ना, गव्हला कमी पडला का, हे ती नुसते नाकाशी धरून सांगे. वस्त्रगाळ चूर्ण घंगाळाशेजारी वाटीत काढून ठेवी आणि स्वतः साध्या पाण्याने आंघोळ करी. 'आजी, तू का नाही लावत?' असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, 'मला शोभत नाही.' मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. मला वाटले, वर्णाला किंवा कातडीला मानवत नसेल.

सवाष्णीला आपण 'सुवासिनी' म्हणतो. या शब्दातला 'वास' मुळात राहण्याचा आहे, गंधाचा नाही. लोकांनी मात्र तो गंधाचाच मानला आणि जिला सुवास ती सुवासिनी असा व्यवहार करून टाकला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विधवेच्या अंगावरून एकेक गोष्ट उतरवणाऱ्या समाजाला जाब विचारला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२मध्ये, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही त्याचे अनुकरण करावे म्हणून परिपत्रक काढले. मधे एकशेचाळीस वर्षे गेली. ठरावांत कुंकू, बांगड्या आणि मंगळसूत्र यांची चर्चा होते. अत्तराची होत नाही, कारण ते दिसत नाही. पण हळदीकुंकवाच्या दारात हात पुढे करायचा की मागे घ्यायचा, हे तिथे उभ्या असलेल्या बाईला बरोबर कळते.

अर्ध्या तासाने आम्ही दुकानात परत आलो. भाचीच्या मनगटावर आधी उग्र वाटलेला मोगरा निवला होता आणि खालचे चंदन वर आले होते. अत्तरवाल्याने कारण सांगितले : पारंपरिक अत्तर चंदनाच्या तेलावर उतरवतात. फुलाचा हलका अंश आधी उडतो, जड तेल मागे राहते, आणि ते कसे राहते हे ज्याच्या-त्याच्या कातडीवर, तिच्या उष्णतेवर आणि तेलकटपणावर ठरते. म्हणून बाटलीला नाक लावून निवड करू नये आणि एका वेळी तीनच्या वर अत्तरे पाहू नयेत, नाक थकते. वराहमिहिराच्या ४३,६८० प्रकारांत न मोजलेले एक द्रव्य असे हाताशी आले. ते म्हणजे लावणाऱ्याची कातडी. काळ-वेळ पाहून झाल्यावर आवडीला जागा मिळते ती इथे.

भाचीने तीच कुप्पी घेतली. मग ती म्हणाली, 'आता आईसाठी.' माझे मेहुणे जाऊन सहा वर्षे झाली आहेत. बहीण दुकानाच्या पायरीवर उभी होती. 'मला कशाला? मला नाही शोभत,' ती म्हणाली. तेच शब्द. मी बोलणार होते, पण अत्तरवाल्याने ते ऐकलेच नाही, किंवा ऐकून सोडून दिले. त्याने हीनाची बाटली काढली आणि तिलाही विचारले, 'ताई, केव्हा लावणार? दिवसा की रात्री?'

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग पायरी चढून आत आली. 'हीना नको,' ती म्हणाली. 'लग्न दुपारचं आहे, जड होईल. वाळा आहे का चांगला?'

काडी टेकायच्या आधीच तिने हात पुढे केला होता.