डेस्कटॉपवरचा काटा कोण हलवतं?

संगणक कामात आहे की रिकामा बसलाय, हे एकेकाळी नुसतं बघून कळायचं. पीडीपी-११ सारख्या यंत्रांच्या दर्शनी पॅनेलवर दिव्यांच्या रांगा असायच्या आणि सरावलेल्या माणसाला त्यांच्या लुकलुकण्यावरून अंदाज यायचा. पुढे दिवे गेले, खोकी उरली. १९९५ साली आलेल्या बीबॉक्सने ते हौसेने परत आणले. त्यात दोन प्रोसेसर होते आणि पुढच्या बाजूला दिव्यांच्या दोन उभ्या पट्ट्या. जितकं काम जास्त, तितकी पट्टी वर चढायची. बाकीच्यांच्या यंत्रांत मात्र पंख्याच्या आवाजावरच भागवावं लागे.

पण दिव्यांच्या आधी एक प्रश्न येतो. काम म्हणजे नेमकं काय मोजायचं?

याचं एक जुनं उत्तर टेनेक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सापडतं. ऑगस्ट १९७३ च्या आरएफसी ५४६ या टिपणात आर्पानेटवरच्या टेनेक्स यंत्रांचा जुलै महिन्याचा ‘लोड अ‍ॅव्हरेज’ दिला आहे. कल्पना रेशनच्या रांगेसारखी आहे. एकाच प्रोसेसरच्या यंत्रावर तासाभराचा आकडा १० असेल, तर सरासरी एक प्रोसेस खिडकीशी आणि नऊ रांगेत. युनिक्सने हा आकडा उचलला. १९८४ मध्ये एमआयटीत एक्स विंडो सिस्टिम सुरू झाली आणि पुढे तिच्यासोबत आलेला एक्सलोड हा छोटा प्रोग्राम त्याच आकड्याचा सरकता आलेख पडद्यावर काढू लागला.

लिनक्समध्ये १९९३ साली माथियास उर्लिक्स यांनी या मोजणीवरच बोट ठेवलं. वेगवान डिस्क काढून संथ डिस्क लावली, तर यंत्र रखडतं, पण लोड अ‍ॅव्हरेज उलटं कमी होतं! कारण डिस्कची वाट बघत ताटकळणाऱ्या प्रोसेस रांगेत धरल्याच जात नव्हत्या. त्यांच्या बदलानंतर लिनक्स त्याही मोजू लागलं. आपण टर्मिनलवर जो आकडा बघतो, त्यात हा निर्णय आजही आहे. आकडा यंत्र देतं, पण त्यात काय धरायचं हे माणूस ठरवतो.

मग हे ठरवण्याचा हक्क वापरणाऱ्याला कसा मिळाला? १९८४ मध्ये बेल लॅब्जच्या टॉम किलियन यांनी चालू प्रोसेस फाइलसारख्या दाखवण्याची कल्पना मांडली. १९९२ मध्ये लिनक्समध्ये ‘प्रॉक’ आलं आणि लवकरच त्यात अख्ख्या यंत्राची खबर साध्या मजकुरात मिळू लागली. या फाइल डिस्कवर नसतात. कोणी वाचायला गेलं, की कर्नल त्या क्षणी त्या लिहून देतो.

त्यातल्या ‘स्टॅट’ फाइलमध्ये टक्केवारी मात्र नसते. यंत्र सुरू झाल्यापासून प्रोसेसरचा किती वेळ कामात आणि किती रिकामा गेला, याची वाढत जाणारी बेरीज असते. म्हणजे अगदी विजेचा मीटर. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करायचं, तेव्हा वापर कळतो. स्क्रिप्टही तेच करते. फाइल वाचते, सेकंदभर थांबते, पुन्हा वाचते, वजाबाकी करून टक्के छापते.

२००५ मध्ये आलेल्या कॉन्कीने या छापलेल्या आकड्याला काटा दिला. आपल्या कमांडने ० ते १०० मधली संख्या छापली, की कॉन्की डेस्कटॉपवर गेज काढतो. संख्या कुठून आली, हे तो विचारत नाही. प्रोसेसरचा भार चालेल, डिस्क किती भरली ते चालेल, खडकवासल्याच्या पाणीसाठ्याची टक्केवारीसुद्धा चालेल.

ही मोकळीक फुकट नव्हती. विंडोज व्हिस्टाच्या साइडबारवर प्रोसेसर आणि मेमरीच्या दोन गोल डायलचं गॅजेट होतं. गॅजेट म्हणजे आतून वेबपेजसारखा कोड आणि स्क्रिप्ट. जुलै २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेचं कारण देऊन गॅजेट्स बंद करण्याचाच मार्ग सुचवला. त्याच वर्षी सुमन जना आणि विताली श्माटिकोव्ह या संशोधकांनी दाखवलं, की ‘प्रॉक’मधून ब्राउझरची मेमरी कशी कमीजास्त होते एवढं जरी बघत राहिलं, तरी माणूस कोणती वेबसाइट उघडतोय हे ओळखता येतं. निरुपद्रवी वाटणारा आकडा चुगली करत होता.

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. पण २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून साध्या अ‍ॅपला ती ‘स्टॅट’ फाइल वाचता येत नाही. तुमच्या हातातल्या फोनचा प्रोसेसर किती राबतोय, हे तुम्ही बसवलेल्या स्क्रिप्टला विचारता येत नाही. बंदी सकारण आहे, हे मला इंजिनिअर म्हणून पटतं. ज्या अ‍ॅपवर भरवसा नाही त्याला खिडकी बंदच हवी. पण घरमालकाकडेही किल्ली नसावी, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आता फोनच्या कोपऱ्यात बॅटरीचे टक्के आणि नेटवर्कच्या कांड्या दिसतात. ते गेजच आहेत, फक्त कुणीतरी दुसऱ्याने निवडलेले. जुना लॅपटॉप हाताशी असेल, तर त्यावर लिनक्स टाकून चार ओळींची स्क्रिप्ट लिहून बघा. काय मोजायचं, हे त्या काट्यापुरतं तरी तुम्ही ठरवाल.