रामटेकच्या गडावरची आई आणि मुलगी

त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या यात्रेला आपल्यापैकी कितीतरी जणी जातात. अंबाळा तलावावर हातपाय धुतो, गड चढतो, रामाचं दर्शन घेतो आणि उतरतो. वाटेत नरसिंहाची दोन जुनी देवळं लागतात, तिथे मात्र आपण फार थांबत नाही. आज तिथेच थोडं थांबूया.

ही देवळं सुमारे 1600 वर्षांपूर्वीची, वाकाटक राजांच्या काळातली. तेव्हा राजधानी होती नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन. राणी होती प्रभावतीगुप्ता. उत्तरेतला बलाढ्य सम्राट दुसरा चंद्रगुप्त हा तिचा बाप. नवरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान होती. तेव्हा राज्याचा कारभार तिनेच हाती घेतला. जमिनी दान दिल्याचे तिचे ताम्रपट सापडले आहेत. त्यांत ती माहेरचं कूळ अभिमानाने सांगते आणि गोत्रही माहेरचंच लावते. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली. म्हणजे राणीचा शिक्का चालत होता!

आता देवळाकडे बघूया. केवल नरसिंहाचं देऊळ अगदी साधं आहे. उंच शिखर नाही, सपाट दगडी छप्पर. पुढे खांबांचा मंडप, आत गाभारा आणि गाभाऱ्यात तांबड्या दगडाचा भला मोठा बसलेला नरसिंह. जवळच वराहाची प्रचंड मूर्ती आहे, चार खांबांच्या उघड्या मंडपात. पुढे अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी गडाची डागडुजी केली. वराह, सिंगपूर, भैरव आणि गोकुळ असे दरवाजे ओलांडत आपण रामापर्यंत पोचतो. एकाच टेकडीवर हजारभर वर्षांच्या अंतराचं बांधकाम शेजारी शेजारी उभं आहे.

केवल नरसिंहाच्या भिंतीत एक शिलालेख आहे. कित्येक वर्षं तो चुन्याखाली झाकलेला होता. 1980च्या दशकात तो अभ्यासकांसमोर आला. बराच भाग झिजलेला आहे. पण जे वाचता आलं त्यावरून अभ्यासक सांगतात, की प्रभावतीच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी हे देऊळ उभारलं. लेकीने आईची आठवण दगडात ठेवली आणि आपण मात्र तिच्यावर चुना फासत राहिलो.

चुना फासणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. देऊळ स्वच्छ दिसावं, एवढंच त्यांना वाटलं असेल. आपल्या गावातही जीर्णोद्धाराच्या वेळी हेच होतं. जुन्या दगडावर ऑइलपेंट चढतो, कोरीव खांबावर टाइल्स बसतात, पायऱ्यांच्या विहिरीत कचरा पडतो. एकदा अक्षर बुजलं की त्यासोबत नावही जातं. बायांची नावं तर आधीच थोडी उरली आहेत.

म्हणून पुढच्या बैठकीत एक काम करूया. गावातलं जुनं देऊळ, बारव, वाडा, सतीचा दगड, जे असेल ते पाहून येऊया. ते कोणी बांधलं, हे म्हाताऱ्या आजींना विचारूया आणि बचतगटाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर लिहून ठेवूया. रंगकाम निघालं, तर दगडावर अक्षरं आहेत का, हे आधी बघायला सांगूया. अक्षरं दिसली तर ग्रामपंचायतीमार्फत पुरातत्त्व विभागाला कळवूया. यंदा रामटेकला गेलात, तर नरसिंहापुढे क्षणभर थांबा आणि सोबतच्या लेकीला प्रभावतीचं नाव सांगा.