तंजावरचा धन्वंतरी महाल आणि छातीत अडकलेला घास

आज तंजावरला जाऊ, तेही एक दुखणं घेऊन. छातीत सारखी कळ येते आणि घास गिळताना मध्येच अडकतो. साल समजा 1820. गादीवर दुसरे सरफोजीराजे आहेत. 1799 च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला किल्ला, जवळपासचा मुलूख आणि पुस्तकं जमवण्याचा नाद.

याच राजांनी धन्वंतरी महाल उभारला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि इंग्रजी औषधं एका छताखाली आली. उपयोगी ठरलेले उपचार तमिळ पद्यांत लिहिले गेले, तेच ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी तर रंगीत चित्रांसकट ठेवल्या, त्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. दोनशे वर्षांपूर्वीचे केसपेपर म्हणा ना!

पण डोळा समोर दिसतो, त्याचं चित्र काढता येतं. छातीच्या आतल्या अन्ननलिकेचं काय? तिथं वैद्याच्या हाती मुख्यतः प्रश्नच होते. कळ जिना चढताना येते आणि बसलं की थांबते? मग संशय हृदयाचा. लंडनच्या हेबर्डननं हे दुखणं 1768 मध्येच नीट वर्णन केलं होतं. आधी भाकरी अडली, महिन्यांनी पेजही अडू लागली? मग नलिका कशानं तरी अरुंद होत चाललीय, आणि त्यात गाठीची भीती मोठी. पाणी आणि भात दोन्ही पहिल्यापासून अडतात? मग बहुधा गिळण्याची हालचालच बिघडलेली. असा एक रोगी थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं 1674 साली नोंदवला. व्हेलच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून तो अन्न खाली ढकलायचा!

आजही डॉक्टर हेच विचारतात. फक्त आधी ईसीजी काढून हृदयाची खात्री करतात आणि मग गरजेप्रमाणे दुर्बीण घालतात. अशा छातीदुखीला ‘गॅस असेल’ म्हणून घरी बसू नका, हे जाता जाता सांगतो.

1816 मध्ये लेनेकनं स्टेथोस्कोप काढला. त्यानं हृदय-फुप्फुस ऐकू आलं, पण घास कुठं अडला ते कळेना. 1868 मध्ये जर्मनीत कुसमाउलनं सरळ नळी घशातून आत उतरवली. ती गिळायला माणूस कोण शोधला? तलवार गिळणारा कसरतपटू! तोवर सरफोजीराजांना जाऊन छत्तीस वर्षं झाली होती.