तीन दरबार, एक सरदार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिवजयंतीच्या दिवसांत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत व्याख्यानासाठी जाणे होते. व्याख्यान संपले, आभार झाले, की एक प्रश्न हमखास येतो. बहुधा एखादा शाळकरी मुलगा तो विचारतो आणि मोठी माणसे जरा अस्वस्थ होतात. प्रश्न असा : शहाजीराजांनी इतके धनी का बदलले?

मुलाचे चुकत नाही. १६२५ च्या सुमारास शहाजीराजे निजामशाही सोडून आदिलशाहीत गेले. दोन-तीन वर्षांत ते परत निजामशाहीत आले. १६३० मध्ये मोगलांकडे गेले, १६३२ मध्ये त्यांनाही सोडले आणि १६३६ मध्ये पुन्हा आदिलशाहीत दाखल झाले. बारा वर्षांत पाच वेळा बाजू बदलली. आजच्या राजकारणात असा माणूस असता तर आपण त्याला काय म्हटले असते, ते सांगायला नको.

पण मला वाटते, प्रश्न उलटा करून पाहावा. तीन-तीन दरबारांना हाच सरदार का हवा होता? आणि त्याला मिळवण्याच्या या चढाओढीची किंमत कोणी मोजली? या दोन प्रश्नांची उत्तरे ग्रंथांत आहेत, तशीच ती आपल्या दोन तालुक्यांच्या डोंगरांतही आहेत.

नामवंत खेळाडूसाठी संघांची चढाओढ आपल्याला आता नवी नाही. २००८ मध्ये आयपीएलचा पहिला लिलाव झाला आणि क्रिकेटपटूंवर लागणाऱ्या बोली आपण ऐकल्या. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात आपल्या गोलंदाजासारखा चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. १९७४ च्या डिसेंबरात कॅटफिश हंटर नावाचा मातब्बर पिचर मोकळा झाला. त्याच्या संघाने करारातली रक्कम भरली नाही, म्हणून लवादाने त्याला त्या करारातून सोडवले. मग वीसहून अधिक संघ त्याच्या मागे लागले आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने त्याला घेतले. पण हंटर गेला तो एकटा. सोबत नेला तो आपला उजवा हात. सतराव्या शतकातला सरदार असा एकटा जात नसे. त्याच्याबरोबर त्याचे घोडेस्वार जात, त्याच्या माणसांच्या हातातले किल्ले जात आणि ज्या गावांच्या वसुलावर हे सारे चाले ती गावेही ओढली जात.

शहाजीराजांची कीर्ती पसरली ती १६२४ च्या भातवडीच्या लढाईपासून. अहमदनगरजवळच्या या लढाईत मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा पराभव केला. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. पण विजयानंतर मलिक अंबर आणि शहाजीराजे यांचे पटेना. राजे निघाले, तेव्हा भातवडीत ज्याचा पराभव झाला होता त्याच आदिलशहाने त्यांना 'सरलष्कर' किताब देऊन ठेवून घेतले. ज्याने आपल्याला हरवले तो आपल्या बाजूला असावा, असे मैदानात जसे वाटते तसेच दरबारातही वाटते.

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला. पुढच्या वर्षी इब्राहिम आदिलशहाही गेला. राजे निजामशाहीत परतले. पण २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात भर दरबारात त्यांचे सासरे लखुजी जाधवराव, लखुजींचे दोन मुलगे आणि एक नातू यांना निजामशहाच्या हुकुमाने मारण्यात आले. जिथे सासऱ्याचे हे झाले तिथे जावयाने कोणाच्या भरवशावर राहावे? धनी बदलण्याचा हिशेब मांडताना ही तारीख विसरून चालत नाही.

याच धामधुमीत जिजाबाई शिवनेरीवर होत्या. गडाचे किल्लेदार विश्वासराव हे व्याही. त्यांची मुलगी थोरल्या संभाजीराजांना दिली होती. तिथे १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. तोपर्यंत बादशहा शाहजहान दख्खन जिंकायच्या इराद्याने बऱ्हाणपूरकडे निघालाच होता. १६३० सरता सरता शहाजीराजे मोगलांना मिळाले. बादशहाने त्यांना पाच हजारी मनसब, मानाची वस्त्रे आणि दोन लाख रुपये दिले. दख्खनच्या मोहिमेच्या तोंडावर या मुलखाचा जाणकार आपल्याकडे असणे त्याला मोलाचे वाटले.

मग दोनच वर्षांत ते का सोडून गेले? मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने निजामशहाला मारले, एका लहान मुलाला गादीवर बसवले आणि तो मोगलांना शरण आला. त्याच्या जहागिरीतले काही महाल बादशहाने आधी शहाजीराजांना दिले होते. आता ते काढून पुन्हा फतेहखानाला दिले. नवा माणूस मिळवण्यासाठी जुन्याच्या ताटातले काढले, तर जुना बसून राहील कसा?

यानंतरचे पर्व आपल्या अगदी अंगणातले आहे. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि निजामशाही बुडाल्यात जमा झाली. तेव्हा शहाजीराजांनी जुन्नरच्या जीवधन किल्ल्यावरून निजामशाही घराण्यातल्या एका मुलाला आणले आणि संगमनेरजवळ पेमगिरीवर त्याच्या नावाने गादी मांडली. पुढे तीन वर्षे त्या मुलाच्या नावाने कारभार केला तो शहाजीराजांनीच. आजवर ज्याच्यासाठी तीन दरबार बोली लावत होते, त्याने आता स्वतःच एक दरबार उभा केला होता.

त्याचे बळ कशात होते ते नकाशा घेऊन पाहावे. घाटावरून कोकणात कल्याणकडे उतरायचे तर नाणेघाटाचा दरवाजा जुन्नरचा आणि भीमाशंकरहून खांडसकडे उतरणाऱ्या वाटांचा माथा आंबेगावचा. नाणेघाटाच्या उशाला जीवधन. त्याच्या पाठीशी चावंड, हडसर आणि शिवनेरी. हरिश्चंद्रगडाची खिरेश्वरची वाटही जुन्नर तालुक्यातूनच चढते. मी हे गड पायी हिंडलो आहे. एकावर उभे राहिले, की आकाश स्वच्छ असल्यास दुसरा दिसतो. ही साखळी ज्याच्या हातात आहे, त्याला मैदानी फौज घेरू शकते, पण चटकन पकडू शकत नाही. शहाजीराजांची किंमत त्यांच्या तलवारीइतकीच या डोंगरांच्या माहितीत आणि इथल्या माणसांच्या विश्वासात होती.

शाहजहानला हे नीट कळले होते. १६३६ मध्ये तो स्वतः दौलताबादला आला आणि त्याने फौजा चहूकडे सोडल्या. संगमनेर, जुन्नर, नाशिक या भागातले किल्ले घेण्याची कामगिरी शायस्ताखानावर दिली. मे महिन्यात मोगल आणि आदिलशहा यांच्यात तह झाला. निजामशाहीचा मुलूख दोघांनी वाटून घेतला. पुणे आणि चाकण आदिलशहाला, जुन्नर मोगलांना. त्यांच्या मधल्या पट्ट्यात आजचा आंबेगाव तालुका येतो. म्हणजे इथल्या शेतकऱ्याला पुढची कित्येक वर्षे दोन राज्यांच्या सांध्यावर नांगर धरायचा होता.

या तहात एक कलम केवळ एका माणसासाठी होते. शहाजी जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले मोगलांना देत नाही, तोवर आदिलशहाने त्याला चाकरीत घेऊ नये. दोन बलाढ्य राज्यांनी तहात एका सरदाराच्या नोकरीची अट घालावी, यावरून त्याचे मोल ठरवावे.

पुढची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. खानजमान या मोगल सरदाराने आदिलशाही सेनापती रणदुल्लाखानासह शहाजीराजांना कोकणात माहुलीच्या किल्ल्यावर कोंडले. शाहजहानच्या दरबारी इतिहासात, म्हणजे 'पादशहानाम्या'त, लिहिले आहे की शहाजींनी मोगलांच्या चाकरीत येण्याची इच्छा पुन्हा पुन्हा कळवली. उत्तर आले, जीव वाचवायचा असेल तर आदिलशहाकडेच जा, बादशहाचा तसाच हुकूम आहे. सहा वर्षांपूर्वी ज्याला दोन लाख रुपये देऊन घेतले, त्याला आता दारात उभे करायलाही बादशहा तयार नव्हता. त्याला हा सरदार नको होता, त्याचे किल्ले हवे होते. आणि तो या डोंगरांपासून दूर जायला हवा होता.

माहुली सुटली तेव्हा सात किल्ले मोगलांना द्यायचे ठरले. जुन्नरचा शिवनेरी, त्र्यंबक, त्रिंगलवाडी, हरिश्चंद्रगड, जीवधन, चावंड आणि हडसर. सातांतले चार आजच्या एकट्या जुन्नर तालुक्यात आहेत. पेमगिरीला बसवलेला तो मुलगाही मोगलांच्या हवाली झाला. शहाजीराजे आदिलशाहीत गेले. त्यांना पुणे-सुपे हा बापापासूनचा मुलूख मिळाला, पण त्यांची स्वतःची रवानगी झाली कर्नाटकात. बंगळूर त्यांचे ठिकाण झाले. कर्तबगारी तीच राहिली. हुकमी मैदान मात्र सुटले.

आता किंमत कोणी मोजली ते पाहू. १६३० च्या सुमारास शहाजीराजांवरचा राग म्हणून आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळले आणि त्या जागेवर गाढवाचा नांगर फिरवला. त्याच दोन वर्षांत, १६३० ते १६३२, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. सरदाराने धनी बदलला, की त्याच्या जहागिरीतले गाव एका रात्रीत शत्रूचे गाव ठरे. गावकऱ्यांना कोणी विचारलेले नसे. मनसब दरबारात मिळे आणि आग गावात लागे. जुन्नर-आंबेगावच्या कुणब्याने त्या वर्षांत काय सोसले, हे कोणत्याही दरबारी इतिहासकाराने टिपून ठेवले नाही.

हे सारे शिवाजी महाराजांनी बालपणी पाहिले, पुढे ऐकले. मला वाटते, वडिलांच्या आयुष्यातून त्यांनी उचललेला सर्वांत मोठा धडा कारभाराचा होता. कृष्णाजी अनंत सभासदाने लिहून ठेवले आहे की महाराजांच्या सैन्यात घोडी सरकारच्या पागेची आणि पगार सरकारातून. लष्करी माणसाला गावे तोडून देण्याची पद्धत त्यांनी शक्य तितकी मोडली. अर्थ साधा आहे. सरदार रुसून गेला तर त्याने एकट्याने जावे, फौज आणि गावे सोबत नेऊ नयेत. १६६६ मध्ये नेताजी पालकर गेले आणि मिर्झाराजे जयसिंगाने त्यांना पाच हजारी मनसब देऊन मोगलांकडे ओढले. धक्का मोठा होता, पण स्वराज्य त्यांच्याबरोबर गेले नाही. दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, नेताजी परत आले.

१६३६ च्या त्या कलमाची सावली मात्र लांब पडली. १६५७ मध्ये महाराजांनी रात्रीतून जुन्नरवर छापा घातला, तीन लाख होन आणि दोनशे घोडे आणले, पण वरचा गड हाती आला नाही. १६७३ च्या सुमारास त्यांनी शिवनेरीच्या अब्दुल अझीझखान या मोगल किल्लेदाराला पैशाने वळवण्याचा प्रयत्न केला. त्याने रक्कम घेतली आणि आपल्याच लोकांना खबर दिली. गड ताब्यात घ्यायला गेलेली मराठी फौज सापळ्यात सापडली. माणसाला बोली लावून घेण्याचा खेळ असा उलटतो, हे तेव्हा महाराजांनाही सोसावे लागले. जन्म झाला तो गड त्यांना हयातीत मिळाला नाही.

आणि तो खेळ कायमचा थांबलाही नाही. १६८९ नंतर औरंगजेब मराठा सरदारांना मनसबी देऊन ओढू लागला, तेव्हा राजाराम महाराजांना माणसे टिकवण्यासाठी वतने आणि सरंजाम द्यावे लागले. वडिलांनी मोडलेली पद्धत मुलाला नाइलाजाने परत आणावी लागली.

म्हणून त्या मुलाला मी हल्ली असे उत्तर देतो. बाळ, शहाजीराजांनी धनी बदलले, कारण एकाही धन्याने त्यांना भरवसा दिला नाही. एकाने सासरा मारला, एकाने दिलेले परत घेतले, एकाने ऐन अडचणीत दार लावले. ज्या राज्यात राहावेसे वाटेल असे राज्यच तेव्हा नव्हते. ते उभे करायला त्यांचा मुलगा मोठा व्हावा लागला. आणि हो, पुढच्या सुटीत हडसर चढून ये. माथ्यावरून आजूबाजूचे किल्ले मोजून पाहा, म्हणजे बादशहाला नेमके काय हवे होते ते कोणी वेगळे सांगायला नको.